जाते, कचेरी आणि कला

कलेचा विषय निघाला म्हणजे आपल्याकडील संसारी गृहस्थ बहुधा दोहोंपैकी एक उद्गार काढतो. ‘आम्हाला कुठली एवढी फुरसत!’ हा पहिला. आणि कोणाच्या तरी मुलाने चांगल्या नोकरीवर पाणी सोडून नाटक किंवा चित्रकला धरल्याचे वृत्त कानी आले म्हणजे, ‘संसाराची राखरांगोळी केली, पण कलावंत खरा!’ हा दुसरा. वरवर पाहता हे उद्गार परस्परविरुद्ध वाटतात. परंतु दोहोंच्या मुळाशी समजूत एकच आहे, ती अशी की, पोटाचा उद्योग आणि कलेचा उद्योग यांचे हाडवैर असून, ज्याला एक साधायचा आहे त्याने दुसऱ्याची आशा सोडावी. मराठी कलेचा इतिहास मात्र या समजुतीला फारसा दुजोरा देत नाही.

इसवी सन १८८० हे एकच साल घ्या. त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात, पुढे आयुष्यात कधीही पाटीवर अक्षर न गिरवलेली एक मुलगी खानदेशातील आसोदे या गावी महाजनांच्या घरी जन्मली. आणि त्याच वर्षी ३१ ऑक्टोबर रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘शाकुंतल’ या नव्या संगीत नाटकाच्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. त्या नाटकाचे कर्ते बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर हे तेव्हा रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरीला होते. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही, आणि मीही तो ओढूनताणून जोडणार नाही. परंतु सर्जनशील आयुष्य प्रत्यक्षात कसे जगले जाते, हे समजून घ्यायला मला या जोडीइतकी उपयुक्त जोडी दुसरी आढळत नाही.

अण्णासाहेबांची गोष्ट तुलनेने परिचित आहे. कर्नाटकाच्या मुलखातील गुर्लहोसूर येथे १८४३ साली जन्म, कानडी आणि मराठी या दोन्ही भाषांचे कानावरचे संस्कार, नाटकाच्या नादाने झालेली शिक्षणाची धरसोड, बेळगावी मास्तरकी आणि अखेरीस पुण्याची सरकारी चाकरी, असा त्यांचा क्रम. म्हणजे त्या काळच्या शेकडो मध्यमवर्गीय तरुणांचा जो होता तोच. पारशी मंडळींचे ‘इंद्रसभा’ पाहून आल्यावर, असे गाते नाटक मराठीत का होऊ नये, या विचाराने ते अस्वस्थ झाले आणि कालिदासाचे शाकुंतल मराठीत उतरवायला बसले, ही आख्यायिका नाट्येतिहासाच्या प्रत्येक पुस्तकात सापडते. त्या पुस्तकांत ज्या गोष्टीकडे सहसा कोणी लक्ष वेधीत नाही ती ही की, हा मनुष्य त्या वेळी सदतीस वर्षांचा, कुटुंबवत्सल आणि कचेरीच्या घड्याळाला बांधलेला होता. दिवसभर जमाबंदीचे कागद जेथे खालवर होत, तेथे त्याची दिवसाची शक्ती खर्ची पडे. नाटकाच्या वाट्याला त्यातून उरलेला वेळ येई.

या उरलेल्या वेळाने नाटकाचे नुकसान झाले काय? माझे मत उलट आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीकर अधिपतींच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, तेव्हापासून गाण्याचा बहुतेक भार सूत्रधाराच्या गळ्यावर आणि भाषणे पात्रांच्या हजरजबाबीपणावर सोपवलेली असत. किर्लोस्करांनी गद्य लिहून बांधले आणि पदे पात्रांच्याच तोंडी घातली. ही पदे कोणत्या चालींत आहेत ते पाहावे: साकी, दिंडी, अंजनीगीत, लावणीची चाल, कानडी चाल आणि मधूनच रागदारीची झाक. कीर्तनाला जाऊन बसणाऱ्या, घरी आजीच्या तोंडून आर्या-दिंड्या ऐकलेल्या आणि चोरून का होईना पण लावणी कानावर घेतलेल्या माणसाचा जो कान असतो, त्या कानासाठी हे संगीत बांधलेले आहे. हा कान कोणत्या स्वरावर खुलतो हे लेखकाला अचूक ठाऊक होते, कारण तो स्वतः त्याच प्रेक्षकांपैकी एक होता आणि सकाळी त्याच लोकांबरोबर कचेरीची वाट चालत होता. १८८२ सालच्या ‘सौभद्रा’त तर हे अधिकच स्पष्ट होते. पात्रे कृष्ण, बलराम, अर्जुन आणि सुभद्रा अशी पौराणिक खरी. पण घरातील वडीलधाऱ्याने हट्टाने ठरवलेली सोयरीक, मुलीची घालमेल आणि धाकट्या भावाने सर्वांना गुंगारा देऊन केलेली तजवीज, हा सारा व्यवहार पुण्याच्या कोणत्याही वाड्यात घडावा असा आहे. दरबारी कवीला हे घर दिसले नसते. १८८५ साली अण्णासाहेब वारले, म्हणजे पहिल्या प्रयोगापासून पुरती पाच वर्षेच त्यांना लाभली. आणि तेवढ्यात त्यांनी जे घडवले त्यावर मराठी रंगभूमी पुढे कित्येक दशके जगली.

आता आसोद्याच्या मुलीकडे वळू. बहिणाबाई चौधरी यांच्या वाट्याला कचेरी नव्हती, शेत आणि घर होते. तेराव्या वर्षी लग्न, तिसाव्या वर्षी वैधव्य, पदरी तीन मुले. त्यांना फुरसत कधी मिळाली असेल, हा प्रश्न विचारण्यातच अर्थ नाही. त्यांची गाणी कामातून वेळ काढून झाली नाहीत, कामातच झाली. आणि हे कसे घडते ते समजायचे असेल तर जात्यापाशी क्षणभर थांबावे लागते.

पहाटेच्या अंधारात जाते मांडलेले असे. खालची पाळी स्थिर, वरची फिरती. एका हाताने खुंटा धरून ओढायचा आणि दुसऱ्या हाताने मूठभर दाणे जात्याच्या तोंडात वैरायचे. दोघी दळायला बसल्या तर दोघींचे हात एकाच खुंट्यावर, एकीने ओढायचे आणि दुसरीने लोटायचे. दळून दळून बोथट झालेले जाते नीट दळत नाही, म्हणून त्याला अधूनमधून टाकी लावून घ्यावी लागे. आणि टाकी नुकतीच लागलेली असली तर घरघर वेगळी, जुनी झाली तर वेगळी. या घरघरीचा एक षड्ज असतो म्हणा ना. पाळी फिरते त्या वेगाशी श्वास जुळतो, श्वासाशी शब्द जुळतो आणि फेऱ्याच्या अखेरीस, हात पुन्हा जवळ येतो त्या ठिकाणी, ओवीचा चरण टेकतो. पहिली ओवी देवाची, मग आईबापांची, मग भावाची, असा साधारण क्रम. आणि देवांची देणी भागली, घर अजून झोपेत असले, की मग जे दिवसाउजेडी सासूपुढे बोलायची सोय नव्हती ते. सोबतीण हुंकार देई, पुढचा चरण उचली, कधी आपली ओवी घालून उत्तर देई. लेखणी, कागद, श्रोते, समीक्षक यांची सारी व्यवस्था त्या दोन दगडांभोवती होती. पायलीभर दाणे संपले की सभा बरखास्त.

कला कशासाठी हवी, असे कोणी विचारले तर सौंदर्य, संस्कार, मनोरंजन ही नित्याची उत्तरे माझ्याजवळही आहेत, पण त्यांपेक्षा मला पुण्याचे पेशवे दप्तर दाखवावेसे वाटते. तेथे लक्षावधी मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. कोणत्या गावचा वसूल किती आला, कोणाला इनाम मिळाले, कोणाचे वतन जप्त झाले, कोणत्या तंट्याचा निवाडा काय लागला, याची बारीकसारीक नोंद त्यांत सापडते. परंतु ज्या घरात त्या वसुलाचे धान्य दळले जाई तेथील बाईला काय वाटत होते, माहेरचा निरोप आला तेव्हा तिने काय केले, मूल दगावले तेव्हा ती कोणावर रागावली, हे त्या रुमालांत शोधून फारसे हाती लागत नाही. तिचे दप्तर ओवीत आहे. गी प्वातवाँ हे जन्माने फ्रेंच, पण पुण्यात स्थायिक झालेले अभ्यासक आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकापासून गावोगावच्या बायांना भेटून या ओव्या जमा केल्या, तेव्हा त्यांची संख्या लाखाच्या वर गेली. लाख ओव्यांतून एका समाजाच्या अर्ध्या माणसांची जबानी उभी राहते, आणि ती घ्यायला कोणत्याही सरकारने कारकून नेमला नव्हता.

बहिणाबाई या जबानी देणाऱ्यांत असामान्य होत्या; त्यांच्या खानदेशी बोलीत निरीक्षण, विनोद आणि विचार यांचा असा मिलाफ आहे की, शिकलेल्या कवींनी लाजावे. तरीही त्यांचे नाव आपल्याला माहीत असण्याचे श्रेय नुसत्या असामान्यत्वाला नाही. त्यांचा मुलगा सोपानदेव हा स्वतः कवी होता, त्याने आईच्या तोंडची गाणी टिपून ठेवली, आणि ती आचार्य अत्र्यांच्या दृष्टीस पडली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या, १९५२ साली त्या गाण्यांचे पुस्तक निघाले. ज्या बायांचे मुलगे कवी नव्हते त्यांपैकी किती जणी अशाच तोलाच्या होत्या, याचा अंदाज करू लागले की मन खिन्न होते.

पुढे गावात पिठाची गिरणी आली. हे वाईट झाले असे मी म्हणणार नाही. पहाटे तीनला उठून चार माणसांचे पीठ दळण्याचे कष्ट ज्यांनी उपसले नाहीत त्यांनी जात्याच्या काव्यावर उसासे टाकणे मला नेहमीच थोडे असभ्य वाटते. बायांनी जाते आनंदाने कोपऱ्यात लोटले, आणि ते योग्यच केले. पण लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, ओवीशी कोणाचेही वैर नव्हते. ती कोणी बंद पाडली नाही, तिच्यावर कोणी टीका केली नाही, प्रतिभाही गावातून नाहीशी झाली नाही. उलट बायांचा पहाटेचा वेळ आता मोकळा झाला होता, म्हणजे फुरसतीच्या सिद्धांताप्रमाणे ओव्यांना पूर यायला हवा होता. तसे घडले नाही. दिवसाच्या क्रमात ओवीची जी ठरलेली बैठक होती ती मोडली, आणि बैठक मोडताच गाणे विखुरले.

म्हणून सर्वस्वत्यागाच्या कथांकडे मी जरा संशयाने पाहतो. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी यांनी कुलकर्णी वतनाकडे पाठ फिरवली, जातीचा रोष पत्करला आणि पठ्ठे बापूराव या नावाने तमाशाचा फड गाजवला. त्यांच्या लावण्यांनी महाराष्ट्र वेडा झाला, आणि १९४५ साली त्यांचा अंत दारिद्र्यात झाला. ही कथा खरी आहे आणि तिच्यातील तेज नाकारता येणार नाही. पण ती इतकी नाट्यपूर्ण आहे की तिच्यापुढे इतर उदाहरणे दिसेनाशी होतात, आणि वतन सोडणे हीच प्रतिभेची खूण, असा तरुण मुलांचा ग्रह होतो. डॉ. श्रीराम लागू यांनी १९६९ साली शल्यचिकित्सकाचा व्यवसाय बाजूस ठेवून पूर्णवेळ रंगभूमी स्वीकारली, हे सगळे सांगतात. त्यापूर्वीची कित्येक वर्षे ते कान-नाक-घशाचे रोगी तपासून पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनच्या तालमींना हजर राहत होते, हे कमी सांगितले जाते. ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ साली ज्यांनी बसवले ते जब्बार पटेल तर दौंडला बालरोगतज्ज्ञ म्हणून दवाखाना चालवीत होते. १९५४ साली सुरू झालेल्या राज्य नाट्य स्पर्धेत आजवर उतरलेल्या बहुसंख्य नटांची हजेरी सकाळी कोठल्या तरी बँकेत, शाळेत, गिरणीत किंवा तहसील कचेरीत लागत आलेली आहे. नाटक बसवायचे म्हणजे संध्याकाळी साडेसातला तालीम, हा जो नियम या मंडळींनी पाळला, तोच त्यांच्या जात्याचा खुंटा होय.

हल्ली कलेविषयी सरकारदरबारी आस्था दाखवायची झाली म्हणजे नाट्यगृह बांधतात. कोनशिला बसते, उद्‌घाटन होते, वातानुकूलन काही वर्षांनी बिघडते. प्रयोगाला जागा हवीच, परंतु प्रयोग एका रात्रीचा आणि तालीम दोन-दोन महिन्यांची. आणि तालमीला जागा मिळेनाशी झाल्यामुळे गावोगावच्या हौशी मंडळींची कशी त्रेधा उडते, हे कोणत्याही हौशी संस्थेच्या चिटणिसाला विचारावे. कोणाच्या तरी गच्चीवर सुरू झालेली तालीम शेजाऱ्यांच्या तक्रारीने मंगल कार्यालयाच्या मागल्या पडवीत जाते, लग्नसराई लागली की तेथूनही उठते, आणि तिसऱ्या स्थलांतरात नायिकेच्या घरचे कुरकुरू लागतात. इकडे त्याच गावातील नगरपालिकेच्या शाळेचे वर्ग सायंकाळी सहापासून कुलूपबंद असतात. बाके भिंतीला सरकवली की एका वर्गात नाटकाचा अंक उभा राहू शकतो, दुसऱ्यात पेटी-तबला घेऊन भजनी मंडळ बसू शकते, आणि दिवसभर घर सांभाळून आलेल्या चार बाया तिसऱ्यात आपल्या आजीच्या ओव्या आठवून आठवून वहीत उतरवू शकतात. याला अनुदान लागत नाही, कोनशिला लागत नाही. साडेनऊपर्यंत थांबून कुलूप लावणारा एक शिपाई लागतो. त्याचा जादा वेळेचा भत्ता अंदाजपत्रकात कोणत्या सदराखाली घालावा, एवढ्याच मुद्द्यावर असे अर्ज अडून राहतात, आणि तो मुद्दा मुख्याधिकाऱ्याच्या मेजावर एका दुपारीत निकालात निघण्यासारखा आहे.