पंख्याच्या पात्यावरचं नाव

वाळूजच्या बजाज कारखान्याला नोव्हेंबर 2025 मध्ये चाळीस वर्षं झाली. 5 नोव्हेंबर 1985 रोजी तत्कालीन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते उद्घाटन, सोळा महिन्यांत माळरानावर उभा राहिलेला कारखाना, ही कथा आमच्या घरी सत्यनारायणाच्या पोथीइतक्या वेळा झाली आहे. या चाळिशीचं निमित्त साधून बजाजनगरातल्या काही उत्साही मंडळींनी परदेशी गेलेल्या भूमिपुत्रांचा सत्कार ठरवला. पत्रिकेत माझं नाव 'परदेशस्थ दाते' या रकान्यात. मी कधीचाच परत येऊन इथे राहतोय, हे पत्रिका छापणाऱ्याला ठाऊक होतं. तो आमच्याच गल्लीतला. शिवाय भूमिपुत्र कोण? जमीन वडगाव कोल्हाटी, जोगेश्वरी, रांजणगाव शेणपुंजीच्या शेतकऱ्यांची. आम्ही सगळे बीड, जालना, परभणी, खान्देश, विदर्भातून वळकटी घेऊन आलेले. सत्काराला मी गेलो नाही. मनात खुपलं मात्र, म्हणून हे लिहितो आहे.

पहिली वीस-पंचवीस वर्षं मी झटकन ओलांडतो. शिफ्ट, कंपनीची बस, टँकर, आषाढीला इथल्या छोट्या पंढरपुरात लोटणारी गर्दी. या आठवणी इथल्या प्रत्येक निवृत्ती समारंभात ऐकायला मिळतात, माझी भर नको. एवढंच नोंदवतो की गावाचं देणं फेडायची बजाजनगरची रीत तेव्हाच ठरून गेली होती. बोनस झाला की वडील आणि त्यांच्या खोलीवरचे सोबती गावाकडे पैसे पाठवायचे: सप्ताहाच्या पंगतीला, मंदिराच्या स्लॅबला, सभामंडपातल्या पंख्याला. पंख्याच्या तिन्ही पात्यांवर लाल रंगात दात्याचं नाव, गाव आणि 'यांजकडून सप्रेम भेट'. पंखा चालू असताना ते कुणाला वाचता येत नसे. म्हणून गावी गेलो की वडील आधी पंखा बंद करायला लावत आणि मान वर करून तिन्ही पाती वाचून घेत. मला तेव्हा त्यांची लाज वाटे. आता नाही वाटत. त्यांनी निदान पंखा तरी दिला होता.

2009 मध्ये मी जर्मनीत गेलो. वाळूजमधल्या एका सुट्या भागांच्या कंपनीच्या टूलरूममधून, डायच्या कामासाठी. स्टुटगार्टच्या आसपास. या शहराचं मुंबईशी 1968 पासून भगिनी-शहर म्हणून नातं आहे, पण त्याचा माझ्यासारख्याला काडीचा उपयोग नाही. सुरुवातीचा काळ कंटाळवाणा. अंधारात कामावर जायचं, अंधारात परतायचं, आणि दारावर 'केहरवोखे'ची पाटी लटकली की आठवडाभर जिना झाडायचा. तळमजल्यावरच्या आजीबाई जिन्याच्या कोपऱ्यातून बोट फिरवून धूळ दाखवत. पहिलं जर्मन मी त्यांच्याकडूनच शिकलो, त्यातलं निम्मं इथे लिहिण्याजोगं नाही.

मग तिथलं मराठी मंडळ भेटलं. गणपती, दिवाळी, डब्यातून आलेल्या पुरणपोळ्या, आणि दुसऱ्या वर्षापासून भांडणं. आरती कुणाच्या हातून, सूत्रसंचालन कुणाच्या बायकोकडे, सभागृहाची अनामत कुणी बुडवली. एका सद्‌गृहस्थांनी मला भर सभेत विचारलं होतं, "तुम्ही इंजिनीअर की टूलरूमवाले?" त्यांना उत्तर द्यायचं तेव्हा राहून गेलं, ते आता देतो: टूलरूमवाला. तुमच्या मुलाच्या सायकलचं मागचं चाक मीच सरळ केलं होतं.

मंडळाचं एक ऋण मात्र मानतो. एका रविवारी सगळे हायडेलबर्गला गेलो. किल्ला पाहून झाला, नदी पाहून झाली, आणि सोबतचे एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले, इथल्या विद्यापीठात 1962 पासून दक्षिण आशिया संस्था आहे आणि तिथे सोन्थायमर होते. गुंथर सोन्थायमर. 1992 मध्ये गेले. हा माणूस महाराष्ट्रात धनगरांबरोबर हिंडला, त्यांच्या ओव्या टेपवर घेतल्या, बिरोबा, म्हसकोबा आणि खंडोबावर 1976 मध्ये जर्मनमध्ये ग्रंथ लिहिला, वारीवर माहितीपट केला. आमच्या बजाजनगरपासून थोड्या अंतरावर सातारा गावात खंडोबाचं देऊळ आहे. चंपाषष्ठीला आम्ही तिथे भंडारा उधळायचो आणि रेवड्या खाऊन परत यायचो. ते देव मुळात कुणाचे, मेंढरांमागून कोणत्या वाटेने आले, हे विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं. जर्मन माणसाला ते सुचलं, आणि विचारायला तो धनगरांच्या वाड्यावर जाऊन बसला. त्या दिवसापासून परदेशात माझं मन लागायला लागलं. आपलं घर सोडून परक्याच्या अंगणात इतकं रमता येतं, हे त्या माणसाने दाखवून ठेवलं होतं.

आणि मग 2015. माझ्या लेखी त्या दशकात दुसरं वर्षच नाही. त्या साली जर्मनीत सुमारे 8 लाख 90 हजार लोक आश्रयाला आले. चॅन्सेलर मेर्केलबाई ऑगस्टअखेर म्हणाल्या, आपण हे निभावून नेऊ. आमच्या उपनगरात शाळेच्या व्यायामशाळेत खाटा पडल्या: सीरियाचे, इराकचे, अफगाणिस्तानचे लोक. त्याच वर्षी मराठवाड्यात दुष्काळ. सप्टेंबरात नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी 'नाम' ही संस्था काढली, पुढच्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी गेलं. मंडळाने पैसे जमवले, मीही दिले. ते काम पाच मिनिटांचं होतं, फोनवरून.

वेळ खाल्ला तो सायकलींनी. चर्चमागच्या गॅरेजमध्ये एका निवृत्त जर्मन कारागिराने लोकांनी टाकून दिलेल्या सायकली गोळा केल्या होत्या. शनिवारी सकाळी दुरुस्ती. मी सहज डोकावलो, त्याने हातात पाना दिला. तिथला नियम एकच: सायकल तयार करून द्यायची नाही. ज्याला हवी त्याने स्वतः उघडायची, छर्रे रॉकेलसारख्या कशात तरी धुवायचे, ग्रीस भरायचं, आपण शेजारी उभं राहायचं. शेवटी दिवा आणि घंटी तपासायची, कारण त्याशिवाय पोलीस दंड करतात. वर दहा युरो अनामत. मला हे आधी कंजूषपणाचं वाटलं. मग एक अफगाण पोरगा आला, मिसरूड नुकती फुटलेली. जुन्या जर्मन सायकलींना पायडल उलटं मारलं की ब्रेक लागतो. याला ते ठाऊक नव्हतं, तो दोनदा तोंडावर आपटला. तिसऱ्या वेळी त्याने मागचा हब उघडला, आतल्या चकत्या एकेक करून फडक्यावर क्रमाने मांडल्या, डोळे बारीक करून पाहिल्या आणि न विचारता परत बसवल्या. चाकाचा आऊट काढायला मी त्याला शिकवलं: स्पोक कुठे आवळायचा, कुठे सैल सोडायचा, कान लावून कसा ऐकायचा. दोन महिन्यांनी तो इतरांना शिकवत होता. दहा युरो त्याने मागून घेतले, पावतीसह.

वाळूजला वीस वर्षं हातात पाना होता, पण त्याला असा मान कधी मिळाला नव्हता. माझं तेव्हापासूनचं ठाम मत आहे की परदेशात राहणाऱ्याने आधी जिथलं पाणी पितो तिथे हात चालवावा. मायदेशासाठी गहिवर काढणं फार सोपं आहे, अंतर मदतीला असतं.

मायदेशी देणं सोपं, असं तरी कुठे? आम्ही पाच-सहा जणांनी रांजणगावात कामगारांच्या मुलांसाठी अभ्यासिका काढायचं ठरवलं. एकाने जर्मन पासपोर्ट घेतलेला, तिथेच घोडं अडलं. भारतीय पासपोर्टवाल्याने बँकेतून आपल्या कमाईचे पैसे पाठवले तर ती परदेशी देणगी ठरत नाही. पासपोर्ट बदलला की तोच माणूस कायद्याला परदेशी. मग संस्थेला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी कायद्याखाली, नोंदणी हवी. 2020 च्या दुरुस्तीनंतर खातंही स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतच हवं, आणि एका संस्थेने दुसरीला पैसे पुढे देणं बंद. मोठ्या संस्था हे सांभाळतात, चार खुर्च्या आणि एका ट्यूबलाइटची अभ्यासिका नाही सांभाळत. कायद्यातून वाट काढेपर्यंत एक पुढारी येऊन विचारून गेले, "फलकावर फोटो कुणाकुणाचे?"

परतलो ते 2019 च्या अखेरीस. 2020 च्या जूनमध्ये वाळूज आणि बजाजनगरात करोना असा पसरला की जुलैत सगळं बंद. तेव्हा जे झालं ते गल्लीने केलं. डबे, औषधं, विलगीकरणातल्या घराच्या फाटकाला अडकवलेली भाजी. तेव्हा कुणी पत्रिका छापली नव्हती.

आता चौकाचौकांत जर्मनच्या क्लासच्या पाट्या आहेत. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्राने बाडेन-व्युर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेच मी राहिलेलं राज्य. पोरं आयटीआय करून 'देअर, दी, दास' घोकतायत. दरम्यान फेब्रुवारी 2025 च्या निवडणुकीत स्थलांतरितांना हाकला म्हणणारा एएफडी पक्ष 20.8 टक्के मतं घेऊन दुसरा आला, आणि सप्टेंबरात बॉशने 13 हजार नोकऱ्या कमी करण्याचं जाहीर केलं, त्यातल्या कितीतरी स्टुटगार्टच्याच आसपासच्या. तिकडे ऑस्ट्रियाची मोटारसायकल कंपनी केटीएम बुडताना बजाजने 80 कोटी युरो काढले, म्हणजे युरोपला वाचवायला वाळूजच्या मालकांचाच हात पुढे. याचा आनंद मला होतो, लपवत नाही. पण सायकलींच्या त्या गॅरेजचं शटर उतरलंय. म्हातारा कारागीर गेला, आणि तिथे यायला नवं कुणी उरलं नाही, असं जुन्या सोबत्याने कळवलं. हे वाचून मला सत्काराच्या पत्रिकेहून जास्त लागलं.

पोरं शनिवारी माझ्याकडे येतात, उच्चार नीट करायला. मी त्यांना कोपऱ्यातली जुनी सायकल उघडायला लावतो आणि प्रत्येक भागाचं जर्मन नाव विचारतो. सांगतो, पोहोचल्यावर पहिल्या महिन्यात एखाद्या 'फेराइन'मध्ये, म्हणजे मंडळात, नाव घाला. फुटबॉलच्या, भाजीच्या मळ्याच्या, अग्निशामक दलाच्या, काहीही चालेल. मित्र तिथेच मिळतात, भाषाही तिथेच येते. क्लासवाल्यांना माझं हे बोलणं आवडत नाही. पोरांनी फीचा पुढचा हप्ता थांबवला तर जबाबदार कोण, असं त्यांनी मला परवा मोहटादेवी चौकात थांबवून विचारलं.