रस्ते बांधणाऱ्यांच्या अधिवेशनात कोण बोलते, आणि आपण ते का ऐकायचे?

आमच्या शाळेसमोरून जिल्हा मार्ग जातो. मागच्या वर्षी सातवीतल्या एका मुलाला रस्ता ओलांडताना मोटारसायकलने उडवले. पायाचे हाड मोडले, पण जीव वाचला, अल्लाहचा शुक्र. दुसऱ्या दिवशी पालक शाळेत जमले. "टीचर, ब्रेकर झाल्याशिवाय आम्ही मुलांना पाठवणार नाही," असे एका अम्मीने स्पष्ट सांगितले. गावातल्या मंडळींनी वर्गणी काढली आणि रातोरात सिमेंटचा उंच गतिरोधक उभा केला. महिनाभरात त्याच गतिरोधकावरून एक बाई दुचाकीवरून मागच्या मागे पडली आणि तिच्या डोक्याला मार लागला.

नंतर बांधकाम खात्याचे एक अभियंता आले. टेप लावून मोजमाप घेतले आणि म्हणाले, "मॅडम, हा आयआरसीप्रमाणे नाही. काढावा लागेल." आयआरसी हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. घरी येऊन वाचायला लागले, तेव्हा कळले की आपल्या दारातल्या रस्त्याचे नियम एका अधिवेशनाशी जोडलेले आहेत. तिथे कोण बोलते, हे आपल्यालाही माहीत असायला हवे.

आयआरसी म्हणजे काय?

आयआरसी म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेस. नावात काँग्रेस असले तरी राजकीय पक्षाशी तिचा काही संबंध नाही. ही रस्ते आणि पूल बांधणाऱ्या अभियंत्यांची संस्था आहे. तिची सुरुवात एका मराठी माणसापर्यंत जाते. १९२७ मध्ये सरकारने मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्त्यांसाठी समिती नेमली. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. रस्ते हा देशाच्या हिताचा विषय आहे, त्यासाठी पेट्रोलवर जादा कर लावून निधी उभा करा आणि अभियंत्यांना विचारविनिमय करता येईल अशी संस्था काढा, अशा शिफारशी समितीने केल्या. त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी आला आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली.

अशा बैठकांचे वजन किती असते, याचे उदाहरण आपल्या नागपूरचे आहे. १९४३ मध्ये तिथे मुख्य अभियंत्यांची परिषद भरली. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते ही विभागणी तिथेच ठरली. दर १०० चौरस किलोमीटरला १६ किलोमीटर रस्ता असावा, असे २० वर्षांचे उद्दिष्टही ठेवले गेले. आज आपण 'हा रस्ता जिल्हा परिषदेचा की पीडब्ल्यूडीचा' म्हणून भांडतो, त्या भांडणातले शब्दही त्या परिषदेतूनच आले.

माईकवर कोण कोण येते?

आयआरसीचे वार्षिक अधिवेशन दरवेळी वेगळ्या राज्यात भरते. २०१८ मध्ये ते नागपुरात झाले होते. तिथे बोलणारे साधारण चार प्रकारचे असतात.

पहिले मंत्री आणि मोठे अधिकारी. ते घोषणा करतात, किलोमीटरचे आकडे देतात आणि वर्तमानपत्रात तेवढेच छापून येते. पण कधी कधी त्यांच्या तोंडून कामाची गोष्टही निघते. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी अभियंत्यांसमोर अनेकदा सांगितले आहे की रस्त्याचा प्रकल्प अहवाल आणि आराखडाच चुकीचा असेल तर अपघात होणारच. खुद्द खात्याच्या मंत्र्याने हे कबूल करणे छोटी गोष्ट नाही. आपण मात्र प्रत्येक अपघातात फक्त ड्रायव्हरला बोल लावतो.

दुसरे सरकारी अभियंते. कुठला पूल कसा बांधला, कुठे रस्ता खचला आणि का खचला, हे ते मांडतात.

तिसरे संशोधक आणि प्राध्यापक. मदुराईच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातले प्रा. आर. वासुदेवन यांनी टाकाऊ प्लास्टिक गरम खडीवर वितळवून डांबरी रस्त्यात वापरण्याची पद्धत काढली. २०१३ मध्ये आयआरसीने अशा रस्त्यांसाठी मार्गदर्शक पुस्तिका काढली आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. प्रयोगशाळेतली गोष्ट नियमाच्या पुस्तकात येते ती अशी.

चौथे कंपन्यांचे लोक. यंत्रे, डांबर, सिमेंट, रंग विकणारे. त्यांच्याकडे नवी माहिती असते, पण माल विकायचाही असतो. म्हणून त्यांचे बोलणे थोडे तोलून ऐकायला हवे.

आणि सहसा माईकवर नसते कोण? पायी शाळेत जाणारे मूल, बुरखा सावरत रस्ता ओलांडणारी आई, ट्रक चालवणारा भाई, भर उन्हात डांबर टाकणारा मजूर. रस्त्यावर सर्वात जास्त वेळ घालवणारे आणि सर्वात जास्त मार खाणारे हेच लोक आहेत. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यात सर्वात मोठा वाटा दुचाकीवाल्यांचा आणि त्याखालोखाल पायी चालणाऱ्यांचा होता.

भाषणातून पुस्तकात, पुस्तकातून रस्त्यावर

अधिवेशनात चर्चा होते, पण नियम समित्या तयार करतात. आयआरसीच्या समित्या मसुदा लिहितात, मंडळ तो मंजूर करते आणि मग क्रमांक असलेले पुस्तक निघते. आपल्या कामाची दोन पुस्तके सांगते.

आयआरसी ९९ हे गतिरोधकाचे पुस्तक. १९८८ च्या पुस्तकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि फक्त १० सेंटीमीटर उंच असावा. म्हणजे बारा फूट रुंद आणि जेमतेम वीतभरापेक्षा कमी उंच. त्याच्या ४० मीटर आधी सूचनाफलक हवा. हे पुस्तक २०१८ मध्ये सुधारून वाहनांचा वेग कमी करण्याच्या इतर उपायांसह पुन्हा काढण्यात आले. आमच्या गावाने बांधलेला गतिरोधक हातभर रुंद होता आणि भिंतीसारखा उभा होता. नियत चांगली होती, मोजमाप चुकले.

आयआरसी १०३ हे पादचाऱ्यांचे पुस्तक. फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि त्याच्या कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, असे त्यात सांगितले आहे. आपल्या मोहल्ल्यातला फुटपाथ एकदा मोजून बघा.

ही फक्त शोभेची पुस्तके नाहीत. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १९८अ हे कलम आले. रस्त्याचा आराखडा, बांधकाम किंवा देखभाल यांत सुरक्षेची ठरलेली मानके पाळली नाहीत आणि त्यामुळे कोणाचा मृत्यू झाला किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार अधिकारी संस्था, सल्लागार किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

मग आपण काय करायचे?

अर्ज लिहिताना 'रस्ता खराब आहे, कृपया लक्ष द्यावे' एवढ्यावर थांबू नका. ठिकाण, रुंदी, उंची लिहा, फोटो लावा आणि 'आयआरसी ९९ प्रमाणे नाही' असे नेमके लिहा. उत्तर आले नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा. या कायद्यात कागद बघण्याबरोबरच कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या मालाचा नमुना मागण्याचाही हक्क आहे. हे फार थोड्यांना माहीत असते.

आम्ही असाच अर्ज केला. तीन हेलपाटे पडले. पण जुना गतिरोधक निघाला, पसरट गतिरोधक आला, पांढरे पट्टे आले आणि 'पुढे शाळा आहे' हा फलकही लागला. मोजायला आठवीच्या मुली आल्या होत्या. एकीने टेप धरला, दुसरीने वहीत आकडे लिहिले.

त्यांतल्या एकीने नंतर विचारले, "टीचर, हे मोजायचे काम मोठे झाल्यावर करता येते का?" मी म्हटले, "का नाही? दहावीनंतर तीन वर्षांचा सिव्हिलचा डिप्लोमा असतो." आपल्या घरांत रस्त्यावर राबणारी माणसे खूप आहेत, रस्ता आखणारी कमी. तुमच्या मुलीने असा प्रश्न विचारला तर तिला थांबवू नका. उद्या त्या माईकवर पायी चालणाऱ्यांची बाजू मांडायला कोणीतरी हवेच आहे.