रविवारची घटका आणि मुलांचे हात

मजुरीचा आणि रजेचा प्रश्न मांडणाऱ्या माणसाने व्याख्यानमालेत मुलांच्या खेळण्यांवर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. आमचे शिक्षण सातवीवर थांबले. पुढचे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, वाचनालयात आणि ऊसतोडीच्या फडावर. बालशिक्षणाचे शास्त्र अधिकाराने सांगण्याची आमची योग्यता नाही. परंतु हाताने काम करणाऱ्या माणसांत आमचे आयुष्य गेले आणि हात माणसाला काय शिकवतो, हे आम्ही जवळून पाहिले. तेवढ्याच भांडवलावर हे चार शब्द.

प्रथम एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. मुंबईच्या गिरणी कामगारांना एके काळी आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन ही संघटना काढली, सभा भरवल्या, हजारो कामगारांच्या सह्यांचे अर्ज केले. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आज आपण ज्या रविवारी उशिरा उठतो, तो असा भांडून मिळालेला आहे. मग मिळालेल्या सुटीचे आपण करतो काय? घरी केलेल्या खेळण्याला पैसा लागत नाही, वेळ लागतो. तेव्हा मुलांच्या खेळण्यांचा प्रश्न हा शेवटी वेळेचाच प्रश्न आहे, आणि वेळेचा प्रश्न म्हणजे आमचा नेहमीचाच.

या बाबतीत आम्ही स्वतः दोषी आहोत, हे आधीच कबूल करतो. आमचा मुलगा सात वर्षांचा असताना त्याने ज्वारीचे चार धांडे निवडून आणले आणि म्हणाला, “दादा, मला बैलगाडी करून द्या.” आम्ही म्हणालो, “रविवारी करू.” तो रविवार मोर्चात गेला, पुढचा बैठकीत गेला, त्याच्या पुढचा दौऱ्यात. चौथ्या रविवारी आम्ही घरी होतो. पण तोवर दाराशी ठेवलेले धांडे शेळीने खाऊन टाकले होते. मुलगा काही बोलला नाही. पुन्हा त्याने धांडेही आणले नाहीत. दुसऱ्यांच्या सुटीसाठी भांडणाऱ्या माणसाने आपली सुटी कुठे घालवली, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनातून जात नाही.

त्या राहिलेल्या बैलगाडीपासूनच सुरुवात करू. आपल्या आष्टीकडे रब्बीची ज्वारी निघाली की घरोघर कडब्याच्या गंजी लागतात. व्याख्यानमालेच्या दिवसांत सामानाला तोटा नाही. वाळलेला जाडसा धांडा घ्यावा आणि दोन गाठींच्या मधले कांडे कापून घ्यावे. वरची साल चिवट आणि ताठ, आतले भेंड मात्र पांढरे, मऊ, हलके. साल सोलण्याचे काम मोठ्या माणसाने करावे, कारण तिची कड ब्लेडसारखी कापते. सालीच्या बारीक काड्या कराव्यात आणि भेंडाचे तुकडे करावेत. काडी भेंडात टोचली की बसली. डिंक नको, खिळा नको. दोन लांब कांडी समांतर ठेवून त्यांत आडव्या काड्या टोचल्या की गाडीचा साटा झाला. बुडख्याकडच्या जाड भेंडाच्या दोन चकत्या म्हणजे चाके. त्यांतून आस घालताना भोक जरा सैल ठेवावे, म्हणजे चाक फिरते. पुढे दांडी, दांडीवर जू, जुवाला शिवळा. भेंडाच्या तुकड्याला चार पाय आणि दोन शिंगे टोचली की बैल तयार.

हे होत असताना मूल विचारील की, काडी निसटत कशी नाही? मग सांगावे की, भेंडात हवेच्या बारीक पोकळ्या असतात. काडी आत शिरली की त्या दबतात आणि काडीला चोहोबाजूंनी धरून ठेवतात. लाकडात ठोकलेला खिळाही असाच घट्ट धरला जातो. सुताराच्या कामाचा पहिला धडा अशा रीतीने धांड्यात मिळतो. शिवाय साटा, आस, जू, शिवळा हे शब्द मुलाच्या कानावर पडतात. ट्रॅक्टर आल्यापासून ते घरातून जात चालले आहेत.

दुसरा प्रकार कारखान्याच्या वाटेने आलेला आहे. अरविंद गुप्ता हे कानपूरच्या आय.आय.टी.तून इंजिनिअर होऊन पुण्याच्या टेल्को कारखान्यात लागले. १९७८ साली ते मध्य प्रदेशात होशंगाबादकडे, खेड्यातल्या शाळांत विज्ञान शिकवण्याचा जो प्रयोग चालला होता, तेथे गेले. तिथल्या आठवडी बाजारात त्यांना सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी दिसली आणि तिच्यातून काड्यापेटीच्या काड्यांचे खेळणे निघाले. त्यावरचे त्यांचे पुस्तकही प्रसिद्ध झाले. पुढे त्यांनी पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेच्या बालविज्ञान केंद्रात पुष्कळ वर्षे टाकाऊ वस्तूंची खेळणी केली आणि शिकवली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

कृती सोपी आहे. काड्यांवरचे गूल आधी खरवडून टाकावे. हे कामही मोठ्यांचे. नळीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करावेत. एका तुकड्यात दोन्ही बाजूंनी एकेक काडी घातली की कोपर वळावा तसा वळणारा सांधा होतो. तीन काड्या आणि तीन सांधे यांचा त्रिकोण करावा. चार काड्या आणि चार सांधे यांचा चौकोन. आता दोन्ही मुलाच्या हातात द्यावेत आणि दाबायला सांगावे. चौकोन लगेच तिरपा होऊन कोसळतो. त्रिकोण हलत नाही. चौकोनात एक तिरपी काडी बसवली की तोही ताठ उभा राहतो, कारण त्याचे दोन त्रिकोण झाले. मग मुलाला बाहेर न्यावे. पत्र्याच्या शेडची कैची, विजेचा उंच मनोरा, रेल्वेचा लोखंडी पूल, सगळीकडे त्याला आपला त्रिकोण दिसेल. चार काड्यांचा सांधा हवा असेल तर नळीला बाभळीच्या काट्याने भोक पाडावे आणि त्यातून दुसरी नळी आडवी ओवावी. बाभळी आपल्याकडे काही कमी नाहीत.

तिसरा प्रकार अगदी पाच मिनिटांचा. शर्टाच्या किंवा कोटाच्या मोठ्या बटणाच्या समोरासमोरच्या दोन भोकांतून दीड हात दोरा ओवून टोके बांधावीत. दोन्ही हातांच्या बोटांत दोरा अडकवून बटणाला पीळ द्यावा, मग ओढावे, सैल सोडावे, पुन्हा ओढावे. बटण भिंगरीसारखे गुणगुणत फिरते. ओढले की पीळ सुटतो आणि बटण वेग घेते. सुटलेल्या पिळाशी ते थांबत नाही. अंगच्या वेगाने पुढे जाऊन उलटा पीळ भरते. केव्हा ओढावे आणि केव्हा सोडावे, हे तोंडाने सांगून येत नाही, हातालाच कळावे लागते.

घरातले सामान शिक्षणाला पुरते, हे आपल्याकडे थोरांनी कधीच दाखवून दिले आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे त्या आणि अनुताई वाघ यांनी ते कोसबाडला आदिवासी वस्तीत नेले. महागडे परदेशी साहित्य बाजूला ठेवून शिंपले, बिया, खडे, पाने यांवर त्यांनी मुलांना मोजायला आणि ओळखायला शिकवले. चिंध्यांची बाहुली करणारी आपली आजीही, नाव न घेता, त्याच शाळेतली.

येथे एक धोक्याची सूचना द्यावीशी वाटते. मुलाच्या हाताला काम द्या, असे आम्ही म्हणतो तेव्हा मजुरीला लावा, असा अर्थ कोणी काढू नये. खेळातले काम मूल मनात येईल तेव्हा टाकून उठते. मजुरीतले काम मुलाला उठू देत नाही. फडावर वाढ्याच्या मोळ्या बांधणारे दहा वर्षांचे पोर हाताने कुशल होते खरे. पण त्याची शाळा बुडते आणि बालपणही. कौशल्याचे कौतुक करून त्यावर पांघरूण घालता येणार नाही.

फडाची गोष्ट निघाली म्हणून शेवटी एक प्रसंग सांगतो. आपल्या तालुक्यातून, साऱ्या बीड जिल्ह्यातूनच, दिवाळीच्या सुमारास हजारो जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. अशाच एका तळावर आम्ही रात्री मजुरांना भेटायला गेलो होतो. पहाटेपासून ऊस तोडून आलेला एक गडी कोपीच्या दाराशी बसून वाढ्याच्या पात्याचे भिरभिरे करीत होता. पात्याचा तुकडा, मधोमध काटा आणि काटा टोचायला एक काडी, एवढेच. शेजारी त्याची लेक जागी होती. आम्ही म्हणालो, “अरे, दमला असशील, नीज की आता.” तो म्हणाला, “आण्णा, दिसभर पोर वाढ्यापाशी बसून व्हती. तिचं बी कायतरी असावं ना.”

त्या माणसाला रविवार नव्हता. लोखंड्यांनी गिरणीत मिळवलेली सुटी फडापर्यंत पोचलेली नाही. हंगाम चालू असेतो कोयता थांबत नाही. ती सुटी त्याला मिळावी म्हणून आमची खटपट आहे. परंतु आपणां गावकऱ्यांपैकी ज्यांना ती मिळालेली आहे, त्यांना आमची विनंती एवढीच की, येत्या रविवारी घटकाभर मुलाजवळ बसावे. गंजीतले चार धांडे काढून आणावेत, आणि मूल “आज करू” म्हणाले तर ते आजच करावे. आमचा मुलगा आता मोठा झाला आहे. गेल्या वर्षी आम्ही त्याच्या मुलीला बैलगाडी करून दिली. चाक जरा वाकडे झाले. तिने ते काढून पुन्हा बसवले आणि गाडी चालली.