पूर्वग्रहाचा पाठ : वसतिगृहाच्या पंगतीतून

पूर्वग्रह ही मानसशास्त्रातील संकल्पना व्याख्येपेक्षा परिसरातील उदाहरणाने अधिक लवकर उमगते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये असे प्रतिपादन केले की, भिन्न गट केवळ एकत्र आल्याने त्यांच्यातील पूर्वग्रह ओसरत नाहीत. त्यासाठी समान दर्जा, समान उद्दिष्ट, परस्पर सहकार्य व अधिकारी व्यक्तींचे पाठबळ आवश्यक असते.

या अटी कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या कार्यात त्यापूर्वीच दिसून येतात. सांगली जिल्ह्यातील दुधगाव येथे आरंभिलेला प्रयोग त्यांनी १९२४ मध्ये सातारा येथील वसतिगृहाद्वारे पुढे नेला. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एका पंगतीत जेवत व श्रमाची कामे वाटून घेत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले.

कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षकांनी हे उदाहरण सांगून विद्यार्थ्यांना गावच्या शाळेतील पोषण आहाराची पंगत, कोणाचेही नाव न नोंदविता, आठवडाभर पाहावयास सांगावे. कोण कोणाशेजारी बसतो? वाढण्याचे काम कोणाकडे येते? चारपैकी कोणती अट अपुरी आहे? उणीव व्यवस्थेत आढळल्यास ती दूर करणे हे शाळेचे व ग्रामपंचायतीचे कर्तव्य ठरते.