शिवारांतील शेजारी

परभणीच्या काळ्या रानांत राहणाऱ्याजवळ कुत्रा असला म्हणजे रानाची वर्दी त्यालाच आधीं लागते. आपणांस कांहींच दिसत नसतां तो कान टवकारतो. पाहावें तों बांधावर खोकड उभें! कोल्ह्याहून लहान, शेपटीचें टोंक काळें. उंदीर, टोळ, बोरें यांवर त्याची गुजराण. शेतकऱ्याचा मित्रच म्हणावयाचा.

पण कुत्रा मोकळा सुटला कीं हरणाच्या पाडसाची धडगत नसते. १९७२ च्या कायद्यानें काळविटास अभय दिलें, तें कुत्र्यास कोण सांगणार? शिवाय रोगाचें भय निराळेंच. २०१८ सालीं गीरच्या सिंहांना ग्रासणारा डिस्टेंपर हा मूळचा कुत्र्यांचाच विकार. खोकड, लांडगे तर त्याच कुळांतले. म्हणून लस अवश्य टोंचवावी, रात्रीं साखळी घालावी. चैत्रांत सांजवेळीं बिळाकडे जाणें झाल्यास वाचकांनीं कुत्रा घरींच ठेवावा; दूर स्तब्ध बसल्यास पिलें बाहेर येऊन खेळूं लागतात.