चार बाय दोन फुटांची नेरळ-माथेरान

हे रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले, तेव्हा घरात सर्वांत जास्त आनंद मला झाला होता. लग्न झाल्यापासून मी घड्याळाकडे बघत संसार केला. रेल्वे क्वार्टर्समध्ये राहायचो तेव्हा रात्री दोन वाजताही कॉलबॉय दार वाजवायचा आणि मी उठून डबा भरायची. कित्येक ईदी अशा गेल्या की नमाजच्या वेळी हे कुठल्यातरी यार्डात, मालगाडीच्या ब्रेक व्हॅनमध्ये सिग्नलची वाट पाहत बसलेले. आता निदान शीरखुर्मा एकत्र पिऊ, एवढीच माझी अपेक्षा होती.

पहिले दोन महिने छान गेले. दावती झाल्या, राहून गेलेल्या भेटीगाठी झाल्या. मग दिवस खायला उठले. हे फजरच्या कितीतरी आधी उठून बसायचे. कल्याणला आमचे घर रुळांपासून फार लांब नाही. शिट्टी ऐकू आली की मनगटावरचे घड्याळ पाहायचे आणि म्हणायचे, "आज बारा मिनिटे लेट." दुपारी स्वयंपाकघरात येऊन माझ्या मसाल्याच्या डब्यांना नंबर टाकायचे. एकदा त्यावरून चांगलेच वाजले. त्यानंतर यांनी बोलणेच कमी केले आणि मला ते भांडणापेक्षा जड गेले. लेकीला फोनवर सांगितले, "तुझ्या अब्बांनी आज दिवसभरात चार शब्द काढले नाहीत गं."

लेक पुण्याला असते. तिने आम्हाला बोलावून घेतले आणि एका सुट्टीच्या दिवशी कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय दाखवायला नेले. १९९८ पासून ते लोकांसाठी खुले आहे. गाव, डोंगर, स्टेशन आणि त्यातून धावणाऱ्या बोटभर उंचीच्या गाड्या. नातू तर खूश झालाच, पण याच्या नानांकडे माझे जास्त लक्ष होते. सगळे पुढे सरकले तरी हे एका सिग्नलपाशी वाकून उभे. परतीच्या वाटेवर रिक्षात बसल्यापासून जे बोलू लागले, ते घर येईपर्यंत थांबले नाहीत.

तेवीस फुटांची मालगाडी

कल्याणला परतल्यावर आठवडाभरात यांनी कागद पुढे ठेवला. मागच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत यार्ड, तीन लाइनी आणि ५८ वाघिणींची मालगाडी. मागच्या खोलीत माझी शिलाई मशीन आहे. वीस वर्षे मी तिथे मुलींना शिवणकाम शिकवते. मी सरळ सांगितले, "अहो, माझी मशीन हलणार नाही."

हे गप्प झाले. मला वाटले, झाले, पुन्हा चार शब्दांवर आले. म्हणून मीच कागद ओढून घेतला. आमच्या शिवणाच्या वर्गात मुली वहीवर ड्राफ्टिंग करतात ते चौथाई मापाने. खरा ब्लाउज पंधरा इंचांचा, तर वहीत पावणेचार इंचांचा. छोट्या रेल्वेचेही तसेच असते, फक्त भागाकार मोठा. जगात सर्वांत जास्त चालणारे माप 'एचओ'. त्यात खरी वस्तू ८७ पटींनी लहान करतात. सात फुटी दार अडीच सेंटिमीटरही भरत नाही. 'एन' माप याहून लहान, १६० पटींचे.

मी विचारले, "तुमची मालगाडी खरी किती लांब?" हे म्हणाले, "सहाशे मीटरच्या वर." ८७ ने भागले तर सात मीटर, म्हणजे तेवीस फूट. आमचा हॉल चौदा फुटांचा. आम्ही दोघेही हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो.

दुसरी अडचण रुळांची. आपल्या ब्रॉडगेजचे दोन रूळ एकमेकांपासून १,६७६ मिलिमीटरवर असतात. ८७ ने भागले की १९ मिलिमीटरच्या थोडे वर येते. बाजारात मिळणारे एचओ रूळ साडेसोळा मिलिमीटरचे, कारण ते परदेशातल्या १,४३५ मिलिमीटरच्या रुळांवरून बेतलेले. शिवाय एचओ गाडीला वळायला साधारण अठरा इंच त्रिज्या लागते. गोल पुरा करायचा तर चार फूट रुंद फळी हवी. ती ठेवायची कुठे?

मग माथेरान

उत्तर घराजवळच होते. नेरळ-माथेरानची गाडी दोन फुटी रुळांवर चालते. सर आदमजी पीरभॉय यांनी भांडवल घातले आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ या काळात ही लाइन बांधून पुरी केली. मुंबईच्या बोहरा कुटुंबातली ही माणसे. लाइन सुमारे एकवीस किलोमीटरची आणि चढ साडेसातशे मीटरहून जास्त. काही ठिकाणी वीस फूट पुढे जाताना एक फूट वर जावे लागते. जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोप्पेल कंपनीची वाफेची इंजिने तिथे चालायची. कडक वळणे घेता यावीत म्हणून त्यांचे पुढचे-मागचे आस थोडे हलणारे होते. हे सारे यांना तोंडपाठ. इतकी वर्षे एकत्र राहून मला त्यातले काही माहीत नव्हते.

अशा अरुंद लाइनीचा घरगुती फायदा असा, की ८७ पटींच्या मापातली गाडी 'एन' मापाच्या नऊ मिलिमीटर रुळांवर चालवता येते. हिशोबाने सात मिलिमीटर हवेत, पण दोन मिलिमीटरची तफावत डोळ्याला खुपत नाही. गाडी नऊ इंच त्रिज्येत वळते. म्हणजे दोन फूट रुंदीची फळी पुरते. प्लायवूडची आठ बाय चारची शीट असते, तिचा चौथा हिस्सा चार बाय दोन. उभा केला की कपाटामागे जातो. माझी मशीन जागेवर राहिली.

संपूर्ण लाइन ८७ पटींनी लहान केली तरी दोनशे चाळीस मीटर होईल. म्हणून एक तुकडा निवडला : जुम्मापट्टी स्टेशन, एक मोठे वळण आणि वाटेतला एकुलता एक बोगदा. नेरळला जाऊन टेप लावून मापे घेतली. नातवाने वहीत लिहिली, मी भागाकार केले.

घरातलेच सामान

खर्चाची अट मी घातली. पेन्शनमधून दरमहा ठरावीक रक्कम, त्यावर एक रुपया नाही. इंजिन, रूळ आणि कंट्रोलर विकत आणले. बाकी सगळे घरचे.

डोंगर टीव्हीच्या खोक्यातल्या थर्माकोलचा. त्यावर फेविकॉलमध्ये भिजवलेले वर्तमानपत्राचे तुकडे. माथेरानची लाल माती यांनी पिशवीभर आणली आणि माझ्या मैद्याच्या चाळणीने चाळली. ती चाळणी आता यांचीच झाली. रुळांखालची खडी म्हणजे बारीक रेती. ती रुळांत ब्रशने पसरायची, मग पाण्यात पातळ केलेला फेविकॉल थेंबाथेंबाने सोडायचा. त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकला की गोंद रेतीत नीट मुरतो, नाहीतर वरच गोळे होतात. झाडांसाठी जुन्या उशीतला स्पंज हिरव्या रंगात बुडवून, वाळवून कुस्करला. यांनी मिक्सरकडे पाहिले, मी यांच्याकडे पाहिले. कात्रीने कापला.

शिवणाच्या डब्याचाही उपयोग झाला. तारेच्या खांबांवर काळा दोरा, स्टेशनजवळच्या पाण्याच्या टाकीला दोऱ्याचे रिकामे रीळ. डब्यांचे कागदी पॅटर्न मी काढले. झंपर बेतणारीला आगगाडीचा डबा बेतणे अवघड नाही, त्याला बाह्या नसतात.

दोन मोठ्या चुका

पहिली चूक पावसाने दाखवली. प्लायला वरून रंग दिला, खालची बाजू तशीच सोडली. जुलैमध्ये फळी पापडासारखी वाकली आणि गाडी वळणावर उतरू लागली. सगळे उखडले. नव्या फळीला खाली लाकडी पट्ट्यांची चौकट ठोकली आणि सहाही बाजूंनी रंगाचे दोन हात दिले.

दुसरी चूक विजेची. या गाडीला १२ व्होल्टचा डीसी करंट लागतो. एक रूळ धन, दुसरा ऋण. तारा उलट्या केल्या की गाडी उलट धावते. यांनी एक वळण असे घातले की गाडी फिरून त्याच रुळावर उलट तोंडाने परत येईल. त्याने धन रूळ ऋणाला जाऊन भिडला आणि कंट्रोलर बंद पडला. तीन दिवस हे सांधे तपासत बसले. शेवटी शेजारच्या वायरमनच्या मुलाने चूक दाखवली. वळणाच्या दोन्ही टोकांना प्लास्टिकचे सांधे घालून तो भाग वेगळा केला आणि त्याला निराळे बटण दिले. एका पोराने शिकवले म्हणून यांना राग येईल असे वाटले होते. यांनी त्याला चहाला थांबवून घेतले. तो आता दर रविवारी येतो.

चढाचाही हिशोब सांगते. खरा एकाला वीसचा चढ छोट्या इंजिनाला झेपला नाही, चाके जागेवर फिरली. एकाला पंचवीस ठेवला. दोन इंच उंची गाठायला पन्नास इंच रूळ लागले. नऊ इंच त्रिज्येच्या एका फेरीत ते बसतात.

माणसे नसलेले स्टेशन

स्टेशन तयार झाले आणि प्रश्न आला माणसांचा. बाजारात जेमतेम दोन सेंटिमीटरच्या रंगवलेल्या बाहुल्या मिळतात : हमाल, प्रवासी, शिट्टी धरलेला गार्ड. माथेरानला तर घोडेही हवेत. पण आमच्या घरात सजीवांच्या मूर्ती मांडत नाहीत. काही घरांत मुलांच्या खेळण्यांना हा नियम लावत नाहीत. हे दोन दिवस विचार करत होते. मग म्हणाले, "राहू दे. माणसे आत्ताच गाडीत चढलीत असे समजू."

आता जुम्मापट्टीच्या फलाटावर एक बाक आहे, बाकाला टेकवलेली छत्री आहे, पाण्याचा माठ आहे, कुणाचा तरी जेवणाचा डबा आहे. सगळ्यांत शेवटी यांनी काडेपेटीच्या पुठ्ठ्याची एक काळी पेटी केली. नखाएवढी. गार्ड ड्युटीवर जाताना जी लोखंडी पेटी बरोबर असायची, ती. त्यावर त्यांचे नाव असायचे. या पेटीवर नाव मावत नाही, म्हणून टाचणीने पांढरा ठिपका काढला. मी पाहिले, पण काही बोलले नाही.

गेल्या ईदला लेक-जावई आले. दुपारी जेवणे झाल्यावर फळी कपाटामागून काढून टेबलावर ठेवली. नातवाने कंट्रोलर धरला. गाडी बोगद्यात शिरली, बाहेर आली, वळणावर थोडी डुगडुगली आणि चढ चढली. नातू ओरडला, "नाना, तुम्ही ड्रायव्हर व्हा!" हे म्हणाले, "ड्रायव्हर तू. मी मागच्या डब्यात." आणि खिशातून हिरवा रुमाल काढून हलवला.

तुमच्या घरी कुणी निवृत्त होत असेल तर

हाच छंद हवा असे नाही. पण हा करायचा झाला तर आधी घर मोजा, मग गाडी निवडा. पहिली फळी चार बाय दोनपेक्षा मोठी नको. पहिल्या महिन्यात फक्त एक गोल आणि एक गाडी चालू करा, सजावट नंतर. रूळ आठवड्यातून एकदा स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापडाने पुसा. आपल्याकडची धूळ आणि दमट हवा गाडी थांबवते. कापताना, रंगवताना खिडकी उघडी ठेवा. काम डोळ्यांना बारीक पडते, म्हणून चांगला दिवा घ्या आणि दर अर्ध्या तासाने उठा.

आणि माझ्यासारख्या बहिणींना एक सांगते. आपली जागा सोडू नका, पण कागद ओढून हिशोबाला जरूर बसा. आमच्या मसाल्याच्या डब्यांवरचे नंबर अजून तसेच आहेत. परवा पाहिले, तर तीन नंबरच्या डब्यात धणे नव्हते, माथेरानची लाल माती होती.