गोळी स्वस्त, वाट महाग
स्तनाच्या कर्करोगातील अनेक गाठी इस्ट्रोजेन या संप्रेरकावर पोसल्या जातात. पेशीतील ग्राही हे कुलूप, तर संप्रेरक ही किल्ली. बीजांडकोश काढल्यास अशी गाठ आक्रसू शकते, हे ग्लासगोच्या डॉ. बीटसन यांनी १८९६ साली दाखवून दिले. टॅमॉक्सिफेनची गोळी त्या कुलपातच अडकून बसते आणि किल्लीला वाव देत नाही. गोळी स्वस्त आहे. परंतु ग्राही नसलेल्या गाठीवर ती निरुपयोगी ठरते. म्हणून आधी तपासणी अपरिहार्य. वाशीम जिल्ह्यातील इंझोरीसारख्या गावच्या शेतमजूर स्त्रीला मात्र तपासणीसाठी शहराच्या खेपा आणि बुडालेली मजुरी गोळीपेक्षा जड जाते. वस्तुतः मेणात जतन केलेला गाठीचा तुकडा प्रयोगशाळेकडे धाडता येतो. प्रवास तुकड्याने करावा, रुग्णाने नव्हे; एवढी व्यवस्था लावणे हे शासनाचे कर्तव्यच होय.